घोरणारं मूल: ऑपरेशन कशावर ठरवायचं?

१९३४ साली न्यूयॉर्कमध्ये अकरा वर्षांच्या एक हजार शाळकरी मुलांचे घसे तपासले गेले. त्यांतल्या ६११ मुलांचे टॉन्सिल आधीच काढलेले होते. उरलेली ३८९ मुलं डॉक्टरांपुढे उभी केली, तेव्हा त्यांनी १७४ जणांचे टॉन्सिल काढायला सांगितले. ज्या २१५ जणांना 'गरज नाही' असं म्हटलं होतं त्यांना दुसऱ्या डॉक्टरांकडे पाठवलं, तर त्यांनी ९९ निवडले. राहिलेली ११६ मुलं तिसऱ्यांकडे गेली, त्यांनी ५१ जणांवर बोट ठेवलं. हजारातली फक्त ६५ मुलं अशी उरली की ज्यांच्या टॉन्सिलला हात लावा असं कोणी म्हटलं नव्हतं. तीही पुढे तपासायला डॉक्टर शिल्लक नव्हते म्हणून सुटली.

दर वेळी डॉक्टर वेगळे, मुलं वेगळी, आणि प्रमाण मात्र शंभरात पंचेचाळीसच्या आसपास. म्हणजे घशात बॅटरी मारून पाहणाऱ्याला समोरच्या निम्म्या मुलांचे टॉन्सिल 'जरा मोठेच' वाटायचे, मग रांग कुठलीही असो. त्या काळी सारखा घसा धरतो, सर्दी हटत नाही, जेवत नाही, अंगी लागत नाही, अशा कुठल्याही कारणासाठी टॉन्सिल काढले जात. पुढे अँटिबायोटिक्स आली, डॉक्टरांना पुरावा मागायची सवय लागली आणि ती लाट ओसरली. आज तेच ऑपरेशन मुख्यतः वेगळ्या कारणासाठी होतं: मुलाचा झोपेत श्वास अडतो म्हणून. कारण बदललं तरी न्यूयॉर्कमधला प्रश्न तसाच आहे. नेमकं कोणाचं करायचं?

आधी अडतं कुठे ते पाहू. टॉन्सिल घशाच्या दोन्ही बाजूंना असतात आणि तोंड उघडलं की दिसतात. त्यांच्याच जातीची आणखी एक गाठ, अ‍ॅडिनॉइड, नाकाच्या मागच्या टोकाला, टाळूच्या वर असते. ती तोंडातून दिसत नाही. त्यासाठी मानेचा बाजूने एक्स-रे काढावा लागतो किंवा नाकातून बारीक दुर्बीण घालावी लागते. कोपनहेगनच्या विल्हेल्म मेयर यांनी १८६८ मध्ये तिच्यामुळे होणाऱ्या त्रासाचं नीट वर्णन केलं, तोवर नाक बंद असलेल्या मुलांच्या नाकात पुढूनच शोधाशोध चालायची. साधारण दोन ते आठ या वयात या गाठी भोवतालच्या जागेच्या मानाने सर्वांत मोठ्या असतात. मूल जागं असतं तेव्हा घशाचे स्नायू वाट उघडी धरून ठेवतात. झोप लागली की ते सैल पडतात, आणि आधीच चिंचोळी झालेली वाट, उसाच्या रसात भिजलेली कागदी नळी जोरात ओढल्यावर चपटी होते तशी, आत ओढली जाते. शिवाय नळीची त्रिज्या निम्मी झाली की हवा ओढायला लागणारा जोर दुपटीने नव्हे, सोळा पटींनी वाढतो, असं भौतिकशास्त्राचं गणित सांगतं. (खरा घसा पुस्तकातल्या नळीइतका सरळ नसतो, पण अंदाज येतो.) म्हणून तीन वर्षांच्या मुलाच्या घशात दोन मिलिमीटरलाही किंमत असते.

इथपर्यंत ऐकल्यावर वाटेल की टॉन्सिल जितके मोठे तितका आजार मोठा. तसं नाही. डॉक्टर टॉन्सिलला एक ते चार अशी श्रेणी देतात, पण ती श्रेणी आणि रात्री श्वास किती अडतो यांचा मेळ कच्चा आहे. चौथ्या श्रेणीचे टॉन्सिल घेऊन शांत झोपणारी मुलं असतात आणि दुसऱ्या श्रेणीच्या टॉन्सिलवर रात्रभर झगडणारीही असतात. स्नायू किती सैल पडतात, जबडा केवढा, टाळू किती उंच आणि अरुंद, वजन किती, नाकाला अ‍ॅलर्जी आहे का, या सगळ्यांचा त्यात हात असतो. घशात पाहून 'केवढे टॉन्सिल आहेत हो, काढूनच टाकू' म्हणणारा डॉक्टर निम्मीच गोष्ट पाहतोय. उरलेली निम्मी रात्री घरात घडते, आणि ती पाहायची सोय आई-बाबांकडेच आहे.

पाहायचं काय? नुसतं घोरणं पुरेसं नाही. घोरणारी मुलं पुष्कळ असतात. खरा अडथळ्याचा आजार शंभरातल्या एक ते पाच मुलांना असतो. आठवड्यातल्या तीनपेक्षा जास्त रात्री, सर्दी नसतानाही घोरणं ऐकू येतं का? घोरता घोरता मध्येच आवाज थांबतो, छाती-पोट हलत राहतं पण हवा आत जात नाही, आणि मग एकदम हुंदक्यासारखा श्वास येतो, असं होतं का? श्वास घेताना गळ्याखालचा खळगा आणि बरगड्यांमधली जागा आत ओढली जाते का? मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून, नाहीतर पालथं पडून कुल्ले वर करून मूल झोपतं का? पंख्याखालीही उशी घामाने भिजते का? सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालंय का?

वेळेबद्दल एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. मुलांचा श्वास सर्वांत जास्त अडतो तो स्वप्नांच्या झोपेत, आणि ती झोप रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते. रात्री दहा-अकराला, आपण झोपायला जाताना, डोकावून 'छान झोपलाय' म्हणणाऱ्या आईला काही दिसणारच नाही. पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान उठून, गळा आणि पोट दोन्ही दिसतील असे, बनियन वर करून दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ काढावेत. एका रात्रीचे नकोत, निरनिराळ्या रात्रींचे हवेत. दवाखान्यातल्या पाच मिनिटांत तोंडी केलेल्या वर्णनापेक्षा ते डॉक्टरांना कितीतरी जास्त सांगतात.

दिवसाची लक्षणं फसवी असतात. झोपमोड झालेला मोठा माणूस दिवसा पेंगतो. मूल बहुधा पेंगत नाही, ते उधळतं: एका जागी बसत नाही, चिडतं, मारामाऱ्या करतं. मग शाळेतून चिठ्ठी येते, घरात 'हट्टी' हा शिक्का बसतो आणि रात्रीच्या घोरण्याशी त्याचा संबंध जोडायचं कोणालाच सुचत नाही. हा संबंध वैद्यकाला दिसला त्याला शतक उलटून गेलं आहे. विल्यम हिल या इंग्लिश डॉक्टरने १८८९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये मुलांच्या 'मागासपणा'च्या आणि 'मठ्ठपणा'च्या कारणांवर लिहिताना नाकाच्या मागच्या अडथळ्याकडे बोट दाखवलं होतं. मग हा विषय जवळजवळ विसरला गेला. १९७६ मध्ये स्टॅनफर्डच्या क्रिस्तियाँ गिल्मिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ मुलांची झोप रात्रभर मोजून हा आजार मुलांमध्ये असतो हे पुन्हा दाखवून दिलं.

रात्रभर मोजण्याच्या या तपासणीला सगळे स्लीप स्टडीच म्हणतात. डोक्याला, छातीला, बोटाला तारा लावून एक रात्र काढायची, आणि तासाला किती वेळा श्वास थांबला किंवा बराच उथळ झाला ते मोजायचं. मोठ्या माणसात तासाला पाचपर्यंत अडथळे झाले तरी कोणी काही म्हणत नाही. मुलांमध्ये एकाच्या वर गेलं की ते वेगळं मानतात: एक ते पाच सौम्य, पाच ते दहा मध्यम, दहाच्या वर तीव्र. अडथळ्याची व्याख्याही कडक आहे. मोठ्यांचा श्वास दहा सेकंद थांबला तर तो मोजतात. मुलाच्या बाबतीत दोन श्वास चुकले तरी नोंद होते, कारण मूल भराभर श्वास घेतं आणि त्याच्या फुप्फुसातला प्राणवायूचा साठा लहान असतो. त्यामुळे मोठ्यांच्या मोजपट्टीने मुलाचा अहवाल वाचून 'तीनच तर आहेत, काही नाही' म्हणणं चूक आहे.

लहान मुलांची अशी तपासणी करणाऱ्या प्रयोगशाळा आपल्याकडे मोठ्या शहरांबाहेर क्वचितच सापडतात. पण प्रत्येक मुलाला ती लागतेच असंही नाही. अमेरिकेतल्या नाक-कान-घसा तज्ज्ञांच्या संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक सूचना सांगते की एरवी निरोगी मुलात लक्षणं स्पष्ट असतील आणि गाठीही मोठ्या असतील तर त्यावरून निर्णय घेता येतो. दोन वर्षांच्या आतलं बाळ, लठ्ठ मूल, डाउन सिंड्रोम, चेहऱ्याच्या हाडांची जन्मजात ठेवण वेगळी असणं, स्नायूंचे आजार आणि सिकलसेल असेल तर मात्र ऑपरेशनआधी तपासणी करायला ती सूचना सांगते. गाठी लहान पण लक्षणं मोठी, किंवा उलट, असा विसंवाद असेल तरीही. या यादीतल्या शेवटच्या नावाकडे आपण जास्त लक्ष द्यायला हवं. विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या कित्येक घरांत सिकलसेल आहे. रात्री रक्तातला प्राणवायू घसरला की त्या पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबवतात, म्हणून अशा मुलाचं घोरणं हलक्यात घेता येत नाही. आणि त्याच कारणाने त्याचं ऑपरेशनही रक्तपेढीची आणि रक्तविकार तज्ज्ञाची तयारी असल्याशिवाय करायचं नसतं. बोटाला चिमटा लावून रात्रभर प्राणवायू मोजण्याची स्वस्त तपासणीही मिळते. त्यात वारंवार घसरण दिसली तर आजार आहे हे नक्की. मात्र आलेख सरळ आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही.

आता मुख्य प्रश्न. आजार आहे हे ठरलं, तर कापायचं की थांबायचं? याचं सर्वांत भरवशाचं उत्तर अमेरिकेतल्या 'चॅट' नावाच्या चाचणीने दिलं. कॅरोल मार्कस आणि सहकाऱ्यांनी ती २०१३ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापली. पाच ते नऊ वर्षांची ४६४ मुलं, सगळ्यांना स्लीप स्टडीत सिद्ध झालेला आजार, पण प्राणवायू दीर्घकाळ खाली जात नाही अशा बेताचा. चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची दोन गटांत वाटणी केली. एका गटाचं लवकर ऑपरेशन, दुसऱ्यावर नुसती नजर. सात महिन्यांनी पुन्हा सगळं मोजलं.

ऑपरेशन झालेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची स्लीप स्टडी स्वच्छ आली. नुसती वाट पाहिलेल्या गटात असं किती जणांचं झालं? ४६ टक्के. काहीही न कापता, सात महिन्यांत, जवळजवळ निम्म्यांचं! 'मोठा झाला की जाईल' म्हणणारी आजी पूर्ण खोटं बोलत नव्हती. मूल वाढतं, घसा रुंदावतो, गाठी आकसतात, ऋतू बदलला की अ‍ॅलर्जी निवळते. पण याच मुलांचे आकडे पुढे उलगडले तेव्हा दुसरी बाजू दिसली. वाट पाहणाऱ्या गटात लक्षणंही मिटली अशी मुलं १५ टक्केच होती. यंत्राचा आकडा सुधारला म्हणून घोरणं, अस्वस्थ झोप, दिवसाची चिडचिड गेली असं नव्हे. ज्यांचा आकडा सुरुवातीलाच कमी होता आणि कमरेचा घेर मोठा नव्हता, त्यांचं आपोआप निवळण्याची शक्यता जास्त होती.

चॅटचा मूळ प्रश्न मात्र वेगळा होता: ऑपरेशनने मुलाचं लक्ष आणि नियोजन करण्याची क्षमता वाढते का? मानसशास्त्रीय चाचणीत दोन्ही गट सारखेच निघाले. वागणूक, झोपेचा दर्जा, आई-बापांनी सांगितलेली लक्षणं, एकूण जगण्यातली मजा, यांत ऑपरेशनचा गट ठळकपणे पुढे होता. तीन ते पाच वर्षांच्या १९० मुलांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या, २०२० मध्ये छापलेल्या चाचणीतही वर्षभराने बुद्ध्यंकात फरक दिसला नाही. आपल्याकडे याला फार महत्त्व आहे, कारण आपल्याकडे आई-बापांना 'अभ्यासात लक्ष लागेल' असं सांगून ऑपरेशनला राजी करणं सर्वांत सोपं असतं. मार्कांसाठी टॉन्सिल काढायचे असतील तर पुरावा तुमच्या बाजूने नाही. मूल नीट झोपावं, सकाळी हसत उठावं, शाळेत कमी भांडावं, यासाठी काढायचे असतील तर आहे.

त्याहून सौम्य मुलांचं काय? म्हणजे रोज घोरतात, पण तासाला अडथळे तीनपेक्षा कमी. २०२३ च्या अखेरीस 'जामा'मध्ये छापलेल्या 'पॅट्स' चाचणीत तीन ते बारा वर्षांची अशी ४५९ मुलं होती. निष्कर्ष ओळखीचाच: वर्षभराने लक्ष आणि नियोजन यांत फरक नाही, वागणूक, लक्षणं, जगण्याचा दर्जा यांत ऑपरेशनवाले पुढे, आणि त्यांचा रक्तदाबही थोडा उतरलेला. वाट पाहणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के मुलांचा आकडा तीनच्या वर गेला, ऑपरेशन झालेल्यांत एखाद्याच टक्क्याचा. हे दोन प्रकारे वाचता येतं, आणि माझ्या मते दोन्ही प्रामाणिक आहेत. ऑपरेशनचा फायदा होतो हे खरं. थांबलेल्या शंभरातल्या सत्त्याऐंशींचं वर्षभरात बिघडलं नाही, हेही खरं. म्हणून सौम्य आजारात 'आजच दाखल करा' म्हणणारा आणि 'काहीच करू नका' म्हणणारा, दोघेही पुराव्याच्या पुढे जाऊन बोलतात.

थांबायचं ठरलं तर ते थांबणं तारखेसकट असावं. चाचण्यांमधल्या वाट पाहण्यात मुलं विसरली जात नव्हती. ठरलेल्या दिवशी त्यांना पुन्हा बोलावून तपासलं जात होतं. 'बघू पुढे' म्हणजे अशी वाट पाहणं नव्हे. तीन महिने, फार तर सहा, आणि तेवढ्या काळात करण्यासारखं बरंच असतं. नाकात स्टेरॉइडचा फवारा हा नेहमीचा पहिला उपाय. पण मेलबर्नच्या एका चाचणीत, जी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली, तीन ते बारा वर्षांच्या २७६ घोरणाऱ्या मुलांपैकी निम्म्यांना सहा आठवडे स्टेरॉइडचा आणि निम्म्यांना नुसत्या मिठाच्या पाण्याचा फवारा दिला, तर लक्षणं निवळण्याचं प्रमाण ४४ आणि ४१ टक्के आलं. साधं मिठाचं पाणीही जवळपास तेवढंच उपयोगी पडलं! हे प्रत्येक मुलाला लागू होईल असं नाही, तरी ज्या फवाऱ्याने काही बिघडत नाही तो आधी करून पाहायला हरकत कसली? मॉन्टेलुकास्ट नावाची गोळीही काही डॉक्टर देतात. तिच्यामुळे क्वचित मुलांचा स्वभाव बदलतो, वाईट स्वप्नं पडतात, नैराश्य येतं. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये तिच्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. त्यामुळे ती 'सर्दीची गोळी' म्हणून महिनोन्महिने चालू ठेवायची वस्तू नाही. घरात सिगारेट बंद व्हायला हवी, आणि मूल झोपतं त्या खोलीतली मच्छरांची कॉइल व रात्रीची उदबत्तीही. वजन जास्त असेल तर त्याचं काम आजपासून.

काही मुलांच्या बाबतीत थांबण्याचा हा सगळा हिशेब लागू नाही. तासाला तीसच्या वर अडथळे, झोपेत प्राणवायू दीर्घकाळ ९० टक्क्यांच्या खाली राहणं, वजन-उंची न वाढणं, हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण आलेला दिसणं, श्वास थांबून ओठ निळे पडणं: अशा मुलांना चाचण्या करणाऱ्यांनीही वाट पाहायला लावलं नाही. त्यामुळे त्यांच्यासाठी त्या आकड्यांचा आधार घेणंच चूक.

धोक्याबद्दल घरात दबक्या आवाजात बोलतात, तेव्हा ते आकड्यांत मांडलेलं बरं. अमेरिकेतल्या पाच राज्यांत २००५ ते २०१७ या काळात झालेल्या मुलांच्या पाच लाखांहून अधिक टॉन्सिल ऑपरेशनांची नोंद तपासली, तर मृत्यू लाखात सुमारे ७. एरवी निरोगी मुलांत लाखात ४; आधीच गुंतागुंतीचे जुनाट आजार असलेल्या मुलांत ११७. दुसऱ्या शब्दांत, धोका ऑपरेशनपेक्षा मुलावर जास्त अवलंबून असतो. रक्तस्राव त्या मानाने नेहमीचा. इंग्लंड आणि उत्तर आयर्लंडमध्ये २००३-०४ मध्ये झालेल्या सुमारे ३४ हजार ऑपरेशनांच्या तपासणीत तो साडेतीन टक्के रुग्णांना झाला. तो पहिल्या चोवीस तासांत होतो, नाहीतर घशातली खपली सुटते तेव्हा, पाचव्या ते दहाव्या दिवशी. या दुसऱ्या वेळेमुळेच ऑपरेशननंतर दोन आठवडे गावी, लग्नाला, यात्रेला जायचं नसतं. रात्री-अपरात्री जिथे ऑपरेशन थिएटर उघडेल अशा रुग्णालयाच्या टप्प्यात राहायचं. थुंकीत ताजं लाल रक्त दिसलं, किंवा मूल झोपेत सारखं गिळतंय असं वाटलं, तर सकाळची वाट पाहायची नाही.

दुखण्याच्या औषधात कोडीन नको. काही मुलांचं यकृत कोडीनचं रूपांतर फार वेगाने मॉर्फीनमध्ये करतं. आधीच श्वास अडणाऱ्या मुलात हे जिवावर बेततं. काही मुलं अशी दगावल्यावर अमेरिकेने २०१३ मध्ये टॉन्सिल ऑपरेशननंतर मुलांना कोडीन द्यायला मनाई करणारा इशारा दिला, आणि २०१७ मध्ये कोडीन बारा वर्षांखालच्या मुलांना कुठल्याच दुखण्या-खोकल्यासाठी नको असं सांगितलं. आपल्याकडे ते खोकल्याच्या काही सिरपांत असतं, तेव्हा बाटली वाचावी. पॅरासिटामॉल आणि आयब्युप्रोफेन, ठरलेल्या वेळेला, मूल रडेपर्यंत न थांबता, यांवर बहुतेकांचं भागतं. तिसऱ्या ते सहाव्या दिवशी दुखणं वाढतं, कान ठणकतात, तोंडाला वास येतो, घशात पांढरट थर दिसतो. हे सगळं अपेक्षित आहे, तो पू नव्हे. ज्या घरात 'थंड खाऊ नको, घसा धरेल' हे आयुष्यभर ऐकलं त्या घरात डॉक्टरांनी आइस्क्रीम लिहून द्यावं याने आजी-आजोबा बिचकतात. पण थंड दूध, गार पेज, मऊ खिमट, जे घशाखाली उतरेल ते द्यावं. खाणं दोन दिवस कमी झालं तरी चालतं, पाणी कमी झालेलं चालत नाही.

भुलीची भीती जास्त असते, आणि ती भूलतज्ज्ञाला भेटून बोलल्यावर बरीच कमी होते. भुलीने मेंदूवर परिणाम होतो का, या काळजीवर बऱ्यापैकी उत्तर आहे: तान्ह्या बाळांना तासाभराच्या आतली पूर्ण भूल देऊन पाच वर्षांनी तपासणाऱ्या, २०१९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापलेल्या चाचणीत बुद्धीत फरक आढळला नाही. टॉन्सिलचं ऑपरेशन साधारण तेवढ्याच वेळाचं असतं. भूलतज्ज्ञाला मात्र मूल झोपेत अडतं हे ठळकपणे सांगायचं, कारण अशा मुलांना गुंगीची वेदनाशामकं नेहमीपेक्षा कमी लागतात. गेल्या दोन-तीन आठवड्यांत सर्दी-ताप झाला असेल तर तोही लपवायचा नाही, मिळालेली तारीख जाईल म्हणून तर मुळीच नाही. आणि पुढचा दुधाचा दात हलत असेल तर तेही. तीन वर्षांच्या आतलं मूल किंवा तीव्र आजार असेल तर त्या रात्री रुग्णालयातच, प्राणवायूवर नजर ठेवून.

'टॉन्सिल काढले की प्रतिकारशक्ती जाते' याला पूर्ण अफवा म्हणून झटकता येत नाही. डेन्मार्कमधल्या जवळपास १२ लाख मुलांच्या नोंदींवर आधारलेल्या, २०१८ मध्ये छापलेल्या अभ्यासात लहानपणी टॉन्सिल काढलेल्यांना पुढे श्वसनमार्गाचे आजार जास्त झाल्याचं दिसलं. पण त्यात चिठ्ठ्या टाकून वाटणी नव्हती, आणि ज्यांचे टॉन्सिल काढावे लागले ती मुलं मुळातच जास्त आजारी पडणारी असू शकतात. माझं मत असं की हा अभ्यास गरज नसताना कापू नये याच्या बाजूचा आहे, गरज असताना थांबण्याच्या बाजूचा नाही.

सर्जनला एक प्रश्न जरूर विचारावा: पूर्ण टॉन्सिल काढणार की आतूनच कोरून कवच ठेवणार? श्वासाच्या अडथळ्यासाठी जागा मोकळी झाली की काम भागतं, आणि कवच ठेवलं तर खालचे स्नायू उघडे पडत नाहीत. दुखणं आणि रक्तस्राव दोन्ही कमी होतात. बदल्यात, थोड्या मुलांत गाठ पुन्हा वाढते. वारंवार टॉन्सिल पिकणाऱ्या मुलासाठी पूर्ण काढणंच बरं मानतात.

आणि ऑपरेशन झालं की विषय संपला, असं धरून चालू नये. अमेरिका आणि युरोपातल्या आठ केंद्रांतल्या ५७८ मुलांची ऑपरेशननंतर स्लीप स्टडी केली, तेव्हा तासाला एकाच्या खाली आकडा फक्त २७ टक्के मुलांचा गेला होता. बहुतेकांचा आकडा खूप उतरला होता, सरासरी अठरावरून चारावर, पण शून्य झाला नव्हता. सात वर्षांवरची, लठ्ठ, दमा असलेली आणि सुरुवातीलाच तीव्र आजार असलेली मुलं मागे राहिली. चॅटच्या ७९ टक्क्यांपेक्षा हे इतकं वेगळं का, तर या ५७८ मध्ये जवळजवळ निम्मी मुलं लठ्ठ होती आणि आजारही जास्त होता. त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी, खपली-सूज सगळी गेल्यावर, झोपेकडे परत एकदा पाहायचं. घोरणं उरलं असेल तर तपासणी पुन्हा. मग अ‍ॅलर्जीचा उपचार, अरुंद टाळू रुंदावण्यासाठी दंततज्ज्ञ, किंवा रात्री हवेच्या दाबाचा मुखवटा. वजनाचा काटाही जवळ ठेवावा, कारण ऑपरेशननंतर मुलाची भूक उघडते, वजन वाढतं. सुकलेल्या मुलाच्या बाबतीत ही आनंदाची गोष्ट, आधीच जाड असलेल्याच्या बाबतीत मोकळ्या झालेल्या घशावर पुन्हा चरबी चढवणारी.